घरच्या घरी तिखट टकीला कॉकटेल : मिरचीचा जोर आवरायचा कसा?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत नाशिकमधील हॉटेलांत 'पिकांते' नावाचे एक कॉकटेल जिथे तिथे दिसू लागले आहे. टकीला, लिंबू, मिरची, कोथिंबीर आणि थोडा गोडवा एवढाच त्याचा संसार. पहिला घोट थंड आणि आंबट लागतो, तो उतरल्यावर घशाशी मिरची सावकाश उठते आणि तेवढ्यात हात पुन्हा पेल्याकडे जातो. टकीला सोडली तर बाकी सारे साहित्य आमच्या स्वयंपाकघरात रोजच असते, त्यामुळे हे पेय घरी सहज जमेल अशी माझी समजूत होती.

माझ्या मेव्हण्याने परदेशातून येताना ७५० मिलीची एक बाटली आणली होती. मी सहा लवंगी मिरच्या उभ्या चिरल्या, बाटलीत सोडल्या आणि लोणच्यासारख्या मुरू द्याव्यात म्हणून रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी चहाच्या चमच्याने चव पाहिली. पहिल्या क्षणी काहीच जाणवले नाही, म्हणून दुसरा चमचा घेतला, आणि मग ओठ, जीभ आणि का कोण जाणे, पण कानांच्या पाळ्यासुद्धा पेटल्या. ही चूक कमी होती म्हणून की काय, रस जास्त निघावा या हिशेबाने मी चार लिंबे सालासकट मिक्सरमधून फिरवली. तो रस इतका कडू झाला की त्यात कितीही साखर घातली तरी घोट घशाखाली उतरेना.

येत्या शनिवारी संध्याकाळी गच्चीवर सहा जण येणार आहेत. उन्हाळ्याची सुरुवात आहे, आणि मला लांब पेल्यातले, थंडगार, शेवटी किंचित झोंबणारे असे पेय द्यायचे आहे. ती बाटली आता वाचवता येईल का, आणि तिखटपणा दर पेल्यात सारखाच राहावा यासाठी जाणकार नेमके काय करतात, हे कोणी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील. माझ्याकडे शेकर वगैरे काहीही नाही.

बारमागचा

धागाकर्ते, आपली बाटली वाया गेलेली नाही. तिला टकीला समजणे सोडून द्या आणि तिखटाचा अर्क समजा. मिरच्या अजून आत असतील तर हा प्रतिसाद पुढे वाचण्याआधी उठून त्या गाळून काढा, कारण त्या बाटलीत आहेत तोवर जोर वाढतच राहणार. आत ७०० मिली उरली असेल असे धरले आणि दर पेल्यात एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली वापरली, तर आपल्याकडे १४० पेल्यांची बेगमी झालेली आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी मात्र चिकटवा. पाहुण्यांपैकी कोणी उत्साहाच्या भरात त्यातून सरळ पेग भरला, तर तो मनुष्य पुन्हा आपल्या घरी येणार नाही.

मी हॉटेलच्या बारमागे बरीच वर्षे काढली आहेत, आणि घरी कॉकटेल करणाऱ्या दहांपैकी नऊ जण आपण केली तीच चूक करतात. मिरची मुरवण्याच्या मोजमापात तासांना जागा नाही, ते काम मिनिटांचे आहे. नव्याने करायचे झाल्यास २०० मिली टकीला एका बरणीत घ्या, एक मध्यम तिखट, फिकट पोपटी रंगाची मिरची उभी चिरून तिच्यातील पांढऱ्या शिरा आणि बिया काढून टाका, आणि उरलेली साल त्यात सोडा. दहा मिनिटांनी पहिली चव घ्या, नंतर दर पाच मिनिटांनी. बहुतेक वेळा वीस ते चाळीस मिनिटांत काम होते. चव नुसत्या टकीलेची घेऊ नका. अर्धा चमचा टकीला, चार थेंब लिंबू, थोडा साखरेचा पाक आणि बर्फाचे पाणी एकत्र करून घ्या, कारण पाहुणे ती त्याच रूपात पिणार आहेत. तिसऱ्या-चौथ्या चवीनंतर जीभ खोटे बोलू लागते, तेव्हा मध्ये दोन चमचे दही खावे आणि थोडे थांबावे.

आता पेल्याविषयी. एका पेल्याला साधी टकीला ४० मिली, आपला अर्क ५ मिली, ताजा लिंबाचा रस २० मिली आणि साखरेचा पाक २० मिली, हे प्रमाण धरून चला. पाक म्हणजे एक वाटी साखर आणि एक वाटी गरम पाणी, विरघळेपर्यंत ढवळून पूर्ण गार केलेले. मध वापरणार असाल तर तो आधी कोमट पाण्यात सैल करा, नाहीतर थंडीने त्याचा गोळा होऊन बरणीच्या तळाशी बसतो. काकडीच्या तीन-चार चकत्या आणि कोथिंबिरीच्या सहा-सात कोवळ्या काड्या बरणीत घालून लाटण्याच्या टोकाने दोन-तीनदा दाबा. पुदिना किंवा कोथिंबीर चटणीसारखी रगडली की गवताची चव येते, म्हणून तेथे हात हलका ठेवावा. काकडी मात्र आधी चाखून पाहावी, कारण एक कडू काकडी आख्खी फेरी घालवते.

शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी किंवा स्टीलची पाण्याची बाटली चालते. ती बर्फाने काठोकाठ भरा आणि बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवा. स्टीलच्या बाटलीवर बाहेरून दव धरले आणि ती हाताला झोंबू लागली की थांबावे. या हलवण्यात साधारण २५ मिली पाणी वितळून पेयात मिसळते, आणि ते मिसळायलाच हवे. पुष्कळ लोक पेय पातळ होईल या भीतीने दोन खडे बर्फ टाकतात. ते दोन खडे लगेच वितळतात, पेय गार होत नाही आणि नको तेवढे पाणचट मात्र होते. भरपूर बर्फ असला तर तो कमी वितळतो. मग चहाच्या गाळणीतून नव्या बर्फावर गाळा आणि वर ६० मिली गार सोडा ओता.

हिशेबच करायचा तर ४० टक्के मद्यार्काची ४५ मिली टकीला सुमारे १७० मिली पेयात गेली, म्हणजे पेल्यातील मद्यार्क साडेदहा टक्क्यांच्या आसपास, वाइनपेक्षा किंचित कमी. सरबतासारखे लागते म्हणून सरबतासारखे पिऊ नये.

टकीला ज्या झाडापासून करतात ते आगावे. टकीला घेताना बाटलीवर 'शंभर टक्के आगावे' असे लिहिलेले आहे का ते पाहा. ते नसेल तर त्या टकीलेतील निदान ५१ टक्के साखर आगावेची असते आणि बाकीची दुसऱ्या पिकाची, बहुधा उसाची, असू शकते. या पेयाला पांढरी, म्हणजे 'ब्लांको' घ्यावी. दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ लाकडी पिंपात ठेवलेल्या 'रेपोसादो'ची पिंपाची गोडसर चव कोथिंबिरीशी पटत नाही, निदान मला तरी पटत नाही.

प्रयोगवही

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी त्यामागचे रसायनशास्त्र सांगतो, कारण ते कळले की प्रमाणे पाठ करावी लागत नाहीत.

मिरचीचा तिखटपणा मुख्यतः कॅप्सायसिन या द्रव्यामुळे असतो. ते मिरचीच्या आतील ज्या पांढऱ्या भागाला बिया चिकटलेल्या असतात तेथे तयार होते. बिया तिखट लागतात त्या या भागाच्या संगतीमुळे. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, परंतु तेलात आणि मद्यार्कात सहज विरघळते. मिरच्या घातलेले पाणी रात्रभर ठेवले तरी ते फारसे जहाल होत नाही, पण ४० टक्के मद्यार्क असलेली टकीला अर्ध्या तासात त्यातील बराच ऐवज ओढून घेते. तोंड भाजल्यावर पाणी पिऊन आराम पडत नाही आणि दुधाने पडतो, याचेही कारण हेच आहे. दुधातील केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून ठेवते.

धागाकर्त्यांना एक गंमत सांगतो. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली मिरचीचा तिखटपणा मोजण्याची जी रीत काढली, तिच्यात मिरचीची पूड मद्यार्कात रात्रभर भिजवून गाळायची आणि तो अर्क साखरेच्या पाण्यात, तिखटपणा जेमतेम कळेल इतका, पातळ करायचा असे. म्हणजे आपण नकळत त्या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग पूर्ण केला आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे साखरेच्या पाकात पातळ करणे, आणि 'बारमागचा' यांनी तेच सुचवले आहे. मेक्सिकोतील हालापेन्यो मिरची या मापावर २,५०० ते ८,००० एकक भरते, आणि आपली लवंगी तिच्यापेक्षा पुष्कळच जहाल असते. परदेशी पाककृतीत 'दोन हालापेन्यो' असे वाचून दोन लवंगी घातल्या की घोटाळा व्हायचाच.

दुसरी गोष्ट पेयाच्या तापमानाची. कॅप्सायसिन जिभेवरील ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, तोच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता ओळखतो. हा ग्राही १९९७ साली शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. मिरची खाल्ल्यावर 'तोंड भाजले' असे आपण म्हणतो, ते मेंदूच्या दृष्टीने खरोखरच भाजणे असते. मद्यार्कामुळे हा ग्राही आणखी कमी तापमानाला जागा होतो. त्यामुळे गार असताना सौम्य वाटलेला पेला बर्फ संपून कोमट झाला की अधिक झोंबतो. गच्चीवर, एप्रिलच्या संध्याकाळी, हा फरक आपल्याला नक्की जाणवेल. तिखट बेताचे ठेवा आणि पेले लहान भरा, म्हणजे पेय गरम होण्याआधी संपेल.

पंचवटीकर

आता बाजारात कैऱ्या आल्या आहेत, तर लिंबाऐवजी घरचे पन्हे का वापरू नये? आमच्याकडे उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा आणि केशर घालून केलेल्या पन्ह्याचा पाक तयारच असतो. त्यात टकीला आणि मिरचीचा अर्क घातला की काम झाले, असे मला वाटते.

बारमागचा

पंचवटीकर, कैरीची कल्पना चांगली आहे, परंतु तयार पन्हे वापरू नये असे माझे मत आहे. वेलदोडा आणि केशर यांचा सुगंध टकीलेच्या हिरव्या, मिरपुडीसारख्या वासावर चढून बसतो आणि मग पेय पन्हे म्हणूनही धड राहत नाही आणि कॉकटेल म्हणूनही. कच्ची कैरी किसून, पिळून तिचा रस लिंबाच्या निम्म्या रसाच्या जागी घाला, गोडाला साखरेचा पाकच ठेवा आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. गुळाला माझी हरकत नाही, पण गुळाने रंग मळकट होतो आणि पाहुणे पेला हातात घेण्याआधी डोळ्यांनी पितात.

द्राक्षबाग

मी दिंडोरी भागातील आहे, तेव्हा द्राक्षांचे नाव काढल्याशिवाय मला राहवणार नाही. आमच्याकडे ऑक्टोबरात छाटणी झालेल्या बागांचा माल जानेवारीपासून निघतो आणि एप्रिलमध्ये हंगाम आवरत येतो. शेवटच्या दिवसांतील थॉमसनचे मणी पिवळसर आणि फार गोड असतात. असे आठ-दहा मणी काकडीसोबत चेचल्यास पाक २० ऐवजी १० मिली पुरतो. लवकरच्या, आंबटसर हिरव्या मण्यांनी पेय अधिक तरतरीत होते, पण ते आता मिळणार नाहीत.

लिंबाविषयीही लिहिते, कारण मूळ प्रश्नातील कडवटपणाकडे अद्याप कोणी वळलेले नाही. सालीतील तेल आणि सालीखालचा पांढरा पापुद्रा रसात उतरला की कडवटपणा येतो, म्हणून लिंबू मिक्सरमध्ये घालू नये आणि पिळतानाही शेवटच्या थेंबासाठी साल मुरगाळू नये. आपले कागदी लिंबू लहान असते, एकातून १० ते १५ मिली रस निघतो, तेव्हा सहा जणांच्या दोन फेऱ्यांसाठी पंचवीस लिंबे आणावीत. परदेशी पाककृतीत सांगितलेली मोठी, बिनबियांची लिंबे शोधत हिंडण्याचे कारण नाही. मेक्सिकोत जी लहान, पातळ सालीची लिंबे वापरतात, ती आणि आपले कागदी लिंबू एकाच जातीचे आहेत. ही लिंबे आशियातून स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत गेली, आणि मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. या एका पेल्यात दोघींची गाठ पडते.

लिंबे घरातच पिळा, गच्चीवर उन्हात पिळू नका. दोन वर्षांपूर्वी रंगपंचमीला मी भर दुपारी अंगणात बसून तीस-चाळीस लिंबे पिळली आणि हात नुसते फडक्याला पुसले. दुसऱ्या दिवशी मनगटापासून बोटांपर्यंत भाजल्यासारखे लाल ओघळ उठले, आणि त्यांचे तपकिरी डाग पुढे कित्येक आठवडे राहिले. मला मिरचीचा संशय आला होता, पण त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो लिंबांबद्दल. लिंबाच्या सालीतील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले की कातडी अशी भाजते. साबणाने हात धुतले असते तर एवढे झाले नसते.

आमच्याकडे बांधावर घायपात आहे, ते आगावेचेच भावंड, म्हणून गेल्या उन्हाळ्यात एका पुतण्याने त्यापासून टकीला करण्याचा घाट घातला होता. तो बेत मी तेथेच मोडला. टकीला हे नाव मेक्सिकोतील हालिस्को राज्य आणि आणखी चार राज्यांतील ठरावीक भाग एवढ्याच मुलखात, निळ्या आगावेपासून केलेल्या मद्याला लावता येते. त्या झाडाचा गाभा भाजण्याजोगा व्हायला सहसा सहा-सात वर्षे लागतात. घायपाताचा कच्चा चीक अंगाला लागला की भयंकर खाज सुटते, आणि घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे तो वेगळाच.

मेनरोडचा

पेल्याच्या काठाला लावण्याच्या मिठाबद्दल थोडेसे. मीठ, काश्मिरी किंवा ब्याडगी तिखट आणि आमचूर दोनास एक, एक असे घ्यावे, म्हणजे रंग येतो पण तिखटाची दुसरी लाट येत नाही. मिश्रण निम्म्याच काठाला लावावे, ज्याला नको असेल त्याने दुसऱ्या बाजूने प्यावे. काळे मीठ चिमूटभरच घालावे, नाहीतर सोड्याचा बुडबुडा फुटताना उकडलेल्या अंड्याचा वास येतो. आपला काळा मसाला येथे वापरण्याचा मोह आवरावा, कारण तो तेलात भाजलेला असल्याने पेयावर तवंग धरतो. मी ते करून पाहिले आहे.

तसेच, महाराष्ट्रात टकीलासारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. सहा जणांत गाडी चालवणारे किती आहेत हे आधीच विचारून ठेवा. त्यांच्यासाठी हेच पेय टकीलाविना करता येते. मात्र पाण्यात मिरची उतरत नाही असे वर आलेच आहे, तेव्हा त्यांच्या पेल्यात मिरचीची एक चकती काकडीबरोबर चेचावी आणि थोडा आल्याचा रस घालावा. मद्याची जी ऊब कमी पडते, ती आल्याने बरीचशी भरून निघते.

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार पार पडला, त्याचा वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

मापासाठी मी खोकल्याच्या औषधासोबत येणारी मिलीच्या रेघांची टोपी वापरली, आणि शेकर म्हणून मुलाची शाळेची स्टीलची बाटली. शुक्रवारी रात्री एकट्यासाठी एक पेला करून पाहिला. ५ मिली अर्क मला ठीक वाटला, पण पत्नीला तो जास्त झाला, म्हणून शनिवारी ३ मिलीवर आलो आणि ज्यांना हवा त्यांना वरून थेंब देण्यासाठी अर्क एका ड्रॉपरच्या बाटलीत भरला. हा ड्रॉपर सर्वांत उपयोगी ठरला, कारण सहा जणांच्या जिभा सहा प्रकारच्या निघाल्या. आमच्या जळगावच्या स्नेह्यांनी तेरा थेंब घेतले आणि तरीही मिरची कोठे आहे असे विचारत होते.

कैरीचा रस घालून दुसरी फेरी केली. ती लिंबाच्या फेरीपेक्षा अधिक आवडली, मात्र कैरीत गर जास्त असल्याने चहाची गाळणी दर पेल्याला तुंबत होती, तेव्हा पुढच्या वेळी रस आधीच मलमलच्या फडक्यातून गाळून ठेवीन. द्राक्षांचा पेला मला फार गोड वाटला. पाक १० मिलीवर आणला होता, तो बहुधा पूर्णच वगळायला हवा होता. 'प्रयोगवही' यांनी सांगितलेला तापमानाचा परिणाम अगदी तंतोतंत अनुभवास आला : गप्पांच्या नादात कठड्यावर विसरलेला माझा पेला पंधरा मिनिटांनी उचलला, तेव्हा तोच पेला दुप्पट तिखट लागला.

गाडी चालवणाऱ्या दोघांना आल्याचे पेय दिले, आणि उरलेल्यांपैकी एकाने दुसऱ्या फेरीला तेच मागून घेतले. अर्काची बाटली आता फडताळात सर्वांत वरच्या फळीवर आहे. मोजून पाहिली, १३० पेल्यांपुरती तरी सहज उरली असावी. एवढा अर्क किती काळ टिकतो आणि त्याचा रंग हळूहळू पिवळट होत चालला आहे ते चालेल का, हे 'बारमागचा' यांनी सवडीने सांगावे.

बारमागचा

मिरच्या गाळून काढल्या असतील आणि त्यात लिंबू किंवा साखर गेली नसेल, तर एवढ्या मद्यार्कात तो अर्क नासत नाही. हिरवा रंग उजेडाने उडतो, म्हणून बाटली अंधारात ठेवा. तिखटपणा टिकेल, पण मिरचीचा ताजा, हिरवा वास महिनाभरात मंदावेल. तोवर अर्क वापरा, आणि पुढे वास गेला की दर पेल्यात ताज्या मिरचीची एक पातळ चकती वरून तरंगत सोडा.